मलमाचा गुण

काडी नावाच्या पोरीने गॅरेजमधली रबरी मॅट उचलली, खाली हातभर लांबीची एक फळी सरकवली आणि मॅट पुन्हा अंथरली. टायरांच्या थप्पीमागे उकिडव्या बसलेल्या पैलवानाने हे सगळं पाहिलं. बायकोने लग्नाला होकार दिला होता तेव्हाही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

म्हणजे ही भानगड होती तर.

पैलवान हा गॅरेजमधला सर्वांत जुना मेकॅनिक. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. पण कितीही जड मोटरसायकल असो, एका हिसक्यात मधल्या स्टँडवर चढवायचा, म्हणून हे नाव पडलं. एकोणीस वर्षं हा मान त्याचा होता. तीन महिन्यांपूर्वी मालकाची भाची कामाला आली. वजन पंचेचाळीस किलो, त्यात दोन किलोचा चष्माच असावा, म्हणून सगळे तिला काडी म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने अडीचशे किलोची गाडी स्टँडला लावली आणि जांभई दिली. गाडीचं पैलवानाने सोडून दिलं असतं. जांभई जिव्हारी लागली.

तेव्हापासून त्याचा जळफळाट चालू होता. ती जमेल तेव्हा दारातल्या उघड्या फरशीवरच गाड्या चढवायची. का, तर रस्त्यावरच्या लोकांना दिसावं म्हणून. दुसरं काय असणार? त्यात मागच्या महिन्यात पैलवानाच्या कंबरेत उसण भरली. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण मालकाचा नियम साधा होता. ज्याला गाडी स्टँडला लावता येत नाही तो मेकॅनिक नव्हे, दुकानदार; त्याने काउंटरवर बसून स्पार्क प्लग विकावेत. पैलवान गुपचूप मलम चोळत राहिला. मलम मात्र गुणाचं निघालं. पंधराएक दिवसांपासून मॅटवरच्या त्याच्या गाड्या पूर्वीसारख्या, खरं तर पूर्वीपेक्षाही हलक्या, वर जायला लागल्या. त्याने आणखी चार डब्या घेऊन ठेवल्या.

आणि आज चोर सापडला होता. मागचं चाक फळीवर घेतलं की गाडी आधीच बोटभर उचललेली असते, मग तिला आजोबासुद्धा स्टँडवर चढवतील. मॅट इतकी जुनी आणि फुगवट्यांची होती की त्यात एक फुगवटा जास्त कोण मोजतो?

काडी पुढचं शटर उघडायला गेली. पैलवानाने फळी काढली, मागच्या अंगणातल्या चुलीत घातली आणि तिच्यावर सगळ्यांसाठी चहा ठेवला. काडीला तर त्याने जागेवर कप नेऊन दिला. तिने विचारलं, आज काय विशेष? सहज, म्हणाला. चहा छान धुरकट लागतोय, असं म्हणून तिने कप चाटूनपुसून संपवला आणि शेल्फवर ठेवला.

दहा वाजता दातांचे डॉक्टर आपली गाडी घेऊन आले. गाडी कसली, म्हैसच ती. फरक एवढाच की म्हैस सांगितल्यावर कधीतरी उठते. पैलवानाने मालकाला, डॉक्टरांना आणि शेजारच्या पंक्चरवाल्यालाही बोलावून घेतलं. आज हिची कला मॅटवर बघू, म्हणाला.

काडीने गाडी मॅटवर घेतली. मागच्या चाकाकडे पाहिलं. मग पैलवानाकडे पाहिलं. आता कशी, पैलवान मनात म्हणाला.

तिने डाव्या हाताने हँडल धरलं, उजव्या हाताने सीटखालची दांडी. पायाने स्टँड खाली दाबला. गाडी सरळ करत करत त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री केली. मग ओढलं नाही की हिसका दिला नाही. जिन्याची पायरी चढावी तशी एका पायावर सगळा भार टाकून त्या स्टँडवर उभी राहिली. गाडी मागे सरकली आणि वर बसली. ठक.

काडीने जांभई दिली.

"वा," मालक म्हणाला. "पैलवान, आता तू."

काडीने गाडी स्टँडवरून उतरवून दिली. पैलवानाला चिंता नव्हती. तिची फळी गेली तरी त्याचं मलम होतं. त्याने पहिला हिसका दिला. गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या हिसक्याला डॉक्टरांनी असा चेहरा केला, जसा ते अक्कलदाढ हलत नाही तेव्हा करतात. तिसऱ्याला पैलवानाच्या कंबरेत वीज चमकली आणि गाडी पलीकडे कलली.

पलीकडे काडी उभी होती. कधी जाऊन उभी राहिली, कोण जाणे. तिने गाडीला खांदा लावला.

"मामा, मॅट ओली आहे. काकांचा पाय सरकतोय," ती मोठ्याने म्हणाली. "आम्ही दोघं मिळून लावतो."

मालकाने मान डोलावली आणि डॉक्टर आलेच आहेत म्हणून त्यांना आपली दाढ दाखवायला लागला. काडी सीटवरून पैलवानाच्या कानाशी वाकली. जोर लावू नका, नुसतं स्टँडवर उभं राहा, बाकी मी बघते, म्हणाली. तो उभा राहिला. ठक.

"आणि तुमची फळी कुठं गेली?" तिने हळूच विचारलं. "पंधरा दिवस रोज न चुकता ठेवतेय मी. कंबर बरी होईपर्यंत काढू नका की."

पैलवानाला घरातल्या चार डब्या आठवल्या. मग त्याने शेल्फवरच्या तिच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"तू प्यालीस," तो म्हणाला.