खूण

बाळ सकाळपासून रडत होतं. दूध नको, झोळी नको, काहीच नको. शेवटी गोदूनं सून ललिताला कुडाला टेकून बसवलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली.

"घरातलंच कोनीतरी आलंय," ती म्हणाली. "नाव मागतंय. आपलं नाव ऐकलं का गप्प बसंल."

राहनाळच्या गोदामांमागच्या या पाड्यावर नावं अशीच ठेवत. बाळ फार रडलं की घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून त्याच्या कानाशी घ्यायची. ज्या नावाला ते थांबेल, ते माणूस परत आलं. कुणी कुणी अंगावर खूणही घेऊन येई, मेलं तेव्हाची. गोदूनं नातीला जन्मल्या दिवशीच उघडी करून उजेडात फिरवून पाहिलं होतं. अंग कोरं होतं. गोदूचा चेहरा उतरला होता. ललितानं मात्र श्वास सोडला होता.

राकेश दारात बसला होता. ड्युटीवर जायचा शर्ट घातलेला, बटणं उघडीच. "आई, डॉक्टरकडं नेऊ तिला. पोटात दुखत असंल."

"नेऊ. पन केसपेपरवर काय लिवनार? रडकी?"

गोदू बाळाच्या कानाशी वाकली. "नवशा." हा तिचा नवरा. वीटभट्टीवर खोकून खोकून गेला. बाळ रडतच राहिलं.

"बुधी." ही तिची जाऊ, बाळंत होताना गेली. बाळ थांबलं नाही.

"लखमा." तिचा दीर लखमा रस्ता ओलांडताना कंटेनरखाली सापडला होता.

"आई," ललिता म्हणाली, "सुखानं गेलेलं कोनीच न्हाय का आपल्यात?"

गोदू थांबली. तिनं खरंच आठवून पाहिलं. "माझी सासू," ती म्हणाली. "झोपेत गेली." मग थोड्या वेळानं, "उपाशी झोपली व्हती."

"तिचं नाव घ्या."

गोदूनं घेतलं. बाळ त्याही नावाला थांबलं नाही.

आता एकच नाव राहिलं होतं आणि ते तिघांनाही माहीत होतं. चंद्रा. गोदूची मुलगी, राकेशची धाकटी बहीण. मागच्या वर्षी गोदामात केमिकलचं पिंप फुटलं आणि आतलं सगळं तिच्या डाव्या मांडीवर आलं. तिथून आग वर चढली. ठाण्याच्या दवाखान्यात दिवसा गोदू आणि रात्री ललिता तिच्याजवळ असायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीपाशी तिची मुलगी निशा बसे. तिनं उशाला बुद्धाचं लहानसं चित्र ठेवलं होतं. चंद्रानं एकदा विचारलं, "ताई, हे देव काय देतात?" निशा म्हणाली, "देत काही नाहीत गं. पुन्हा पुन्हा जन्माला यायचं, पुन्हा पुन्हा भोगायचं, यातून सुटायची वाट सांगतात."

त्या रात्री चंद्रा म्हणाली, "वहिनी, मला परत नको आनू." ललितानं तिचा न भाजलेला हात धरून 'हो' म्हटलं होतं.

"आता राहू द्या, आई," ललिता म्हणाली.

"राहू कशी देऊ? माझी पोर हाय ती. बाहेर उभी असंल तर?"

दुपट्याखाली ललितानं बाळाचा पाय धरून ठेवला.

"चंद्रा," गोदू म्हणाली.

बाळ थांबलं.

ललितानं चिमटा काढला. बाळ किंचाळलं. गोदूचा उजळलेला चेहरा तसाच अर्ध्यावर राहिला. "थांबली व्हती ना? राकेश, थांबली व्हती ना रं?"

राकेशनं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं. "दम घेतला असंल," तो म्हणाला.

"पुन्ना घेते." गोदूचा आवाज आता विनवणीचा झाला होता. "चंद्रा. ये चंद्रा. माझी बाय."

बाळाचं तोंड उघडंच होतं, पण आवाज थांबला. मोठे ओले डोळे गोदूकडं लागले. ललितानं डोळे मिटून घेतले. बोटं आधीच्याच जागी होती. या वेळी तिनं जोरात चिमटा काढला.

बाळ काळंनिळं होईतो रडलं. "मुंगी चावली का काय," असं म्हणत गोदूनं ते उचललं, दारातल्या उजेडात नेलं आणि दुपटं सोडलं.

मग तिनं बाळ आणखी उजेडाकडं धरलं. राकेश उठून जवळ आला. बाळाच्या डाव्या मांडीवर लाल डाग उठला होता. कडेनं काळसर होत चाललेला.

"काल न्हवता हा," गोदू म्हणाली. "सकाळीबी न्हवता."

"मी चिमटा काढला," ललिता म्हणाली. ती धडपडत उठली होती. "आई, मी काढला. दोनदा. हे बघा, माझं नख बघा."

गोदूनं नखाकडं पाहिलं नाही.

"आई, तिला यायचं न्हवतं. तिनं मला सांगितलं व्हतं."

"तुझ्याच हातानं उठायची व्हती खूण," गोदू हळूच म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता. तिनं डागाजवळ तोंड नेलं आणि फुंकर घातली. दवाखान्यात चंद्राच्या अंगावर घालायची तशीच, हलकी, थांबून थांबून.

बाळ गप्प झालं.