क्लीव्हलंडचा गिअर

"आप्पा, सरोवर झालं, आता पूल बघू," स्नेहल म्हणाली. बापूसोंना पूल नको होता, गिअर हवा होता. कोल्हापुरातलं त्यांचं वडिलांच्या वेळचं लेथ मशीन बंद पडलं होतं, कारण पुतण्यानं त्याचा गिअर भंगारात घातला होता. मशीन अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचं, म्हणून बापूसो क्लीव्हलंडला आले. लेकीला वाटत होतं, आपल्याला भेटायला आलेत.

सकाळी ते मशीनच्या कंपनीच्या पत्त्यावर जाऊन आले. तिथं आता योगासनं चालतात. एका गोऱ्या बाईनं नमस्कार करून त्यांना चटई दिली. ती चटई अजून त्यांच्या काखेतच होती.

पुलानंतर लेकीनं जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात नेलं, आणि दोरीपलीकडं तेच लेथ दिसलं. गिअरसकट! बापूसो दोरीखालून आत घुसले.

"आप्पा, हात नका लावू!"

तोवर त्यांनी गिअर नखानं खरवडलाही होता. रंगाची खपली उडाली. आत लाकूड.

"एवढ्या लांब येऊन, लाकूड?" बापूसो चटई अंथरून तिथंच बसले.

संग्रहालयाच्या बाई ओशाळून काहीतरी पुटपुटल्या. स्नेहलनं सांगितलं, "खरा त्यांनाही मिळाला नाही, आप्पा. जुन्या ड्रॉइंगवरून मापात सुताराकडून करून घेतलाय."

"मापात?" बापूसो ताडकन उठले. "अगं, वाळूत दाबून साचा करायला नमुना लाकडाचाच लागतोय की! बाईंना म्हणावं, महिनाभर उसना द्या. बिडाचे दोन ओततो, एक त्यांना."

बाईंचं उत्तर यायच्या आत त्यांनी गिअरभोवती चटई गुंडाळायला घेतली होती.