दाराआडची ड्यूटी

शामलाबाईंनी कोपरानेच दार ढकललं. हातात मऊ भाताचं ताट होतं. आत त्यांची सून कामिनी उशीला टेकून पडली होती. मांडीवर लॅपटॉप, कानावर हेडफोन, डोळे तापाने लाल. सासूला पाहताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"अजून मिटिंगच का वं?" शामलाबाई कुजबुजल्या.

कामिनीने मान हलवली. कॅमेरा बंद ठेवला की पडूनही काम करता येतं, असं तिने ताप चढला त्याच दिवशी सांगितलं होतं. आज गुरुवार उजाडला तरी ताप हटला नव्हता.

"सुट्टी काहून नाही घेत? आपली तब्येत तं पाहाय."

"नाही जमत, आई. या आठवड्यात तर नाहीच."

शामलाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, उसासा टाकला आणि दार ओढून घेतलं.

नंदनवन वस्तीतल्या त्या घरात ड्यूटी म्हणजे ड्यूटी. गणपतराव रेल्वेत होते तेव्हा रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून शामलाबाईंनी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ दिली नव्हती. तोच मान आता सुनेला. दार बंद असेपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही, ताट आत न्यायचं, घरी आलेल्या पोरांनी आरडाओरडा करायचा नाही. अशी सासू शोधून सापडायची नाही, असं शामलाबाईंना वाटायचं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मात्र कामिनी घरची. उन्हाळ्यात तिची पाठ धरली तेव्हा तिने दोन दिवस रजा टाकली. घरी आहेच, म्हणून त्यात वर्षाच्या कुरडया उरकून घेतल्या. अशा पांढऱ्याशुभ्र झाल्या की शामलाबाई अजून शेजारणीला सांगतात.

"किती राबवून घेऊन राहिले पोरीले, पाहा जी," त्या गणपतरावांना म्हणाल्या.

"घरी बसून तं काम हाय," गणपतराव पेपरातून डोकं न काढता बोलले.

"बसून कुठं? पडून हाय ते!"

लेक सोनिका सकाळीच दोन पोरांना घेऊन रामटेकहून आली होती. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, तू साहेबालेच फोन लाव ना. वहिनीले सुट्टी भेटली का उद्या तिच्या हातची पाटोडी होऊन जाईल. पोरं तेच म्हणून राहिले."

शामलाबाईंना पटलं. मागे एकदा लाइट गेली तेव्हा कामिनीने त्यांच्याच मोबाइलवरून साहेबांना फोन केला होता, तो नंबर सोनिकाने शोधून दिला. शामलाबाई उभ्या आयुष्यात कुण्या साहेबाशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि घसा खाकरला.

"ऋषिकेश साहेब का? मी कामिनीची सासू बोलून राहिली."

"नमस्कार, काकू. बोला ना." आवाज तरुण होता, पुण्याकडचा.

"बोलू काय? लेकरू तापानं फणफणून राहिलं. घास गिळवत नाही तिले. अन् तुम्ही मिटिंगावर मिटिंगा लावून राहिले! तुमच्या घरी कोणी आजारी पडत नाही का जी?"

सोनिका तान्ही होती तेव्हा शामलाबाईंनीही असाच ताप अंगावर काढला होता, एका हाताने पाळण्याची दोरी ओढत, दुसऱ्याने पोळ्या शेकत. तेव्हा आपल्यासाठी कोणी असं भांडलं असतं तर किती बरं वाटलं असतं, असं त्यांच्या मनात आलं.

"हात जोडते साहेब, दोन दिवस तरी द्या. पाहाले आम्ही आहो ना घरी."

"काकू," ऋषिकेश चाचरला, "तुम्ही कामिनीला विचारलंत का?"

"ते काय सांगते? नोकरी जाईन म्हणून भेते ते तुम्हाले!"

"मला नाही घाबरत ती, काकू." तो अगदी हळू म्हणाला, "कामिनी सोमवारपासून सुट्टीवरच आहे."