परसातली चिकणमाती

"सर, ह्ये पाण्याचं काम न्हाई."

आश्रुबा मिस्त्री कोरड्या नाल्यात उभा राहून वर बघत बोलला. वर परसात, काठापासून जपून दोन हात मागे, भागवत उभा होता. परभणीच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा. आठवीच्या पोरांना नदीचं खननकार्य फळ्यावर काढून दाखवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्याच नदीच्या कुठल्याशा दूरच्या नातलगानं, वालूरच्या या नाल्यानं, त्याच्याच आईच्या घराचा काठ पोखरावा हे त्याला फार लागलं होतं. काठ आणि मागची भिंत यांच्यात आता जेमतेम पाच फूट उरले होते. पावसाळ्याआधी काठ बांधून झाला नाही तर आईला परभणीला न्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आईनं, म्हणजे तानुबाईनं, न जायचं ठरवलं होतं.

"पाण्याचं नाही, तर कुणाचं?" काठात खणलेल्या पायऱ्यांवरून भागवत खाली उतरला.

आश्रुबानं बोट दाखवलं. गेल्या पुराबरोबर आलेला काडीकचरा काठाला गुडघ्याच्या उंचीवर चिकटून वाळला होता. कपार होती छातीच्या उंचीवर. आत माणूस मांडी घालून बसेल एवढी मोठी. वरची काळी माती जशीच्या तशी, आणि तिच्याखालचा पिवळ्या चिकणमातीचा थर तेवढा नेमका कोरून नेलेला.

"पाणी खुरपं घिऊन येत न्हाई, सर."

भागवत काही बोलणार तोच पुढच्या दारातून हाक आली, "तानुबाई, हायेस का गं?" आणि गल्लीतली कडूबाई घमेलं न् खुरपं घेऊन घरातून परसात, परसातून पायऱ्या उतरून थेट खाली आली. नातीच्या लग्नाची चूल घालायची होती. भागवतला बघून तिला आनंद झाला. "कवा आलास रे? बरा दिसायलास," म्हणत ती घमेलं भरायलाही लागली.

भागवत तडक स्वयंपाकघरात गेला. तिथं आईच्या तोंडून त्याला सगळा इतिहास कळला. नागपंचमीचे नाग, पोळ्याचे बैल, लग्नाच्या चुली, सगळ्याला चाळीस वर्षं माती इथूनच जात होती. तानुबाईच्या परसातल्या मातीला तडा जात नाही, अशी तिची ख्याती होती.

"म्हणजे काठ यानंच पोखरतोय, हे तुला ठाऊक होतं?"

"घर माझं हाय. मला न्हाई तर कुणाला?"

"मग मला नाला का सांगितलास?"

"नाला काय भांडायला येत न्हाई," तानुबाई म्हणाली.

पण भागवत भांडला नाही. तो दारोदार गेला आणि हात जोडून म्हणाला, आता आमच्या काठाला खुरपं लावू नका. माणसं भली होती. "अगं बाई, आमच्या ध्यानातच न्हाई आलं," असं म्हणून सगळ्या हळहळल्या. कडूबाईनं तर चूल घालून उरलेली माती परत आणून दिली.

काम बारा दिवस चाललं. आश्रुबानं पायथ्याला मोठ्या दगडांचा डबर रचला. कपारीत मुरूम भरला, एकेक थर पाणी मारून धुमसानं ठोकला. वर सिमेंट-मातीची पोती पायरीपायरीनं बसवली आणि माथ्यावर माती धरून ठेवायला वाळ्याची रोपं लावली. भागवतनं स्वतः घमेली वाहिली. हाताला फोड आले, पण गडी खुश होता. इतकी वर्षं फळ्यावर काढलेला भूगोल पहिल्यांदाच त्याच्या नखात शिरला होता.

दुपारी मात्र घर फार शांत वाटायचं. पुढचं दार वाजलं की आई मान वर करून बघायची. वारा असायचा. भागवतला वाटायचं, उन्हं फार आहेत, बाया झोपल्या असतील.

तेराव्या दिवशी आश्रुबानं काठावर उभं राहून दोन उड्या मारून दाखवल्या. "आता कितीबी पूर येऊ द्या, मावशी. हलायचा न्हाई."

तानुबाईनं काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. "लय चांगलं केलंस, बाबा," ती मनापासून म्हणाली. भागवतचा जीव भांड्यात पडला. आई आता वालूरलाच राहणार होती आणि त्याला परभणीत सुखानं झोप लागणार होती.

"आश्रुबा," तानुबाईनं विचारलं, "पिवळी चिकणमाती मिळंल का, एक ट्रॉली? बिनखड्याची पायजे."

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आली. तानुबाईनं ती परसाकडं जाऊच दिली नाही. पुढच्या दारात, ओट्याला लागून, माती ओतून घेतली. ढीग केवढा तरी झाला. आश्रुबानं डोकं खाजवलं.

"मावशी, काठ तर भरला की. ही कुठं लावायची?"

"लावायची न्हाई. बाया नेतील." तिनं ढिगातली चिमूटभर माती बोटांत मळून बघितली आणि भागवतकडं वळली. "ज्या ज्या दारात हात जोडलेस न्हवं, तिथं तिथं जाऊन ये. तानुबाईकडं माती आलीया म्हणावं."

भागवतनं चपला घातल्या. तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला नसेल, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"अन् आश्रुबा, ही संपली की दुसरी आण."