होकाराचा रकाना

“हॅलो, एक, दोन, तीन,” मालक टेबलावरच्या माइकमध्ये म्हणाला आणि पुन्हा खिडकीशी गेला. खाली गाडी आली नव्हती. सकाळपासूनची ही त्याची आठवी-नववी फेरी. पायाला भिंगरी लागली होती नुसती.

ताई आपल्या जागेवर होत्या. बारा वर्षं तीच जागा. दातांच्या डॉक्टरांना पेशंटच्या वेळा ठरवून देणारं सॉफ्टवेअर ही कंपनी विकायची आणि डॉक्टरांचे फोन ताई आणि आणखी चौघी घ्यायच्या. गेल्या वर्षापर्यंत बरं चाललं होतं. मग एजंट आले. एजंट म्हणजे माणसं नव्हेत. सांगितलेलं काम आपलं आपण उरकणारे प्रोग्रॅम. आता कुणाही डॉक्टरचा भाचा रविवारी दुपारी एजंटला कामाला लावायचा आणि संध्याकाळपर्यंत असलंच सॉफ्टवेअर फुकटात तयार. गिऱ्हाइकं गळायला लागली. गुंतवणूकदार बाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं, “फोनवर एजंट बसवा, माणसं कमी करा, मग पैसे घालते.” तो एजंट बघायला त्या आज येणार होत्या.

“मालक, माझं काय?” ताईंनी विचारलं. ‘मालक’ असं त्या चेष्टेनं म्हणायच्या, पण आज आवाजात चेष्टा नव्हती. “मुलीचं शेवटचं वर्ष आहे. काय ते सांगून टाका, उगाच जिवाला घोर नको.”

“अहो ताई, तुमचं मी बघतो ना,” मालक म्हणाला. नजर खिडकीबाहेर.

एजंटचा माइक चालूच होता. पडद्यावर एजंटने झटकन नोंद केली : ताईंची नोकरी. मालक म्हणाले, ‘बघतो’. होकार.

“घ्या, लेखीच मिळालं!” ताई म्हणाल्या. दोघंही हसले. ताईंना खरोखरच हलकं वाटलं.

बाई आल्या. पाणीसुद्धा नको म्हणाल्या. “करा सुरू.” एजंटने त्यांच्यासमोर एका डॉक्टरांना फोन लावला. आवाज गोड, बोलण्यात घाई नाही. डॉक्टरांच्या दोन तक्रारी त्याने जागच्या जागी मिटवल्या आणि हळूच विचारलं, पुढच्या वर्षाचा करार करायचा ना?

“हो हो, चांगलंच आहे तुमचं. बघू,” डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

पडद्यावर नोंद झाली : होकार. मालकाने टाळी वाजवली.

“कसला होकार अन् कसलं काय!” ताईंना राहवलं नाही. “गेले ते. ‘बघू’ म्हणाले.”

बाई हसल्याच. “खरंय की हो! माझ्या सासूबाई मला आयुष्यभर ‘बघू’च म्हणाल्या.”

ताईंनी सरळ फोन उचलला. “डॉक्टर, मी बोलतेय. खरं सांगा, भाच्याने नवीन करून दिलंय ना?” पलीकडून कबुली आली. भाच्याने करून दिलं होतं खरं, पण काल त्यातून दोन पेशंट एकाच वेळेला येऊन बसले होते.

“आणि खुर्ची तुमच्याकडे एकच. मग दुसऱ्याला भाच्याच्या मांडीवर बसवलंत का?”

डॉक्टर खो खो हसले. “पाठवा तुमचा करार. आजच सही करतो.”

मालक जागच्या जागी थांबला. एजंट कच्चा आहे हे बाईंना कळलं, आता पैसे गेले, असं त्याला वाटलं.

“माणूस असावं तर असं,” बाई म्हणाल्या. मालकाचा जीव भांड्यात पडला. “यांना जे जे कळतं ते सगळं एजंटला आजच शिकवा. तेवढं झालं की मीही सही करते.”

ताई माइकसमोर बसल्या. कौतुक झाल्यामुळे त्यांना हुरूप आला होता. “लिही बाबा. बघू म्हणजे नाही. बघतो म्हणजे तर नाहीच नाही. कळवतो, नाही. घरी विचारून सांगतो, नाही. पुढच्या महिन्यात बोलू, तेही नाही. तोंडावर नको म्हणाले तर मात्र आशा सोडायची नाही, त्यांना भाव पाडून हवा असतो.” बाई पोट धरून हसत होत्या. असं दहाएक मिनिटं चाललं.

“समजलं,” एजंट म्हणाला. “जुन्या नोंदी दुरुस्त करतो.”

पडद्यावर होकाराचा रकाना हलायला लागला. एकेक डॉक्टर तिथून उठून शेजारी नकाराच्या रकान्यात जाऊन बसायला लागले. मालकाचा चेहरा उतरला. बाई मात्र खूश. “अहो, आता कळलं ना कुणाची मनधरणी करायची ते!” त्यांनी पर्समधून पेन काढलं.

सगळ्यात शेवटी आज सकाळची ओळ आली. तीही मुकाट्याने पलीकडे सरकली : ताईंची नोकरी. मालक म्हणाले, ‘बघतो’. नकार.

ताईंनी ती ओळ वाचली. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“ताई, तसं नाही हो ते!” मालक पुढे धावला. “यंत्राला काय कळतंय? तुमचं मी बघतो म्हटलंय ना!”

पडद्यावर खाली आणखी एक ओळ उमटली. नकार.

“राहू द्या, मालक,” ताई उठत म्हणाल्या. “पक्कं शिकलाय तो.”