दुप्पट वेग

"मॅडम, तुम्ही हे ऐकलंत तरी का?" संपादकाने फोनवर विचारलं.

"म्हणजे काय! चांगलं तीनदा ऐकलं," भिंगरी म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय हलतच होता. आईने लहानपणी ठेवलेलं हे नाव चाळिशी उलटली तरी तिने सार्थ ठेवलं होतं.

खोटं ती बोलत नव्हती. घरबसल्या ऑनलाइन लिखाणाची कामं घेणाऱ्या बाईला विषय निवडायला मिळत नाही. कधी पाणी तापवायचं यंत्र, कधी पाठदुखीवरचे व्यायाम, आणि या खेपेला इलेक्ट्रॉनिक संगीत. गायक नाही, शब्द नाहीत; कुणीतरी खोलीत एकटं बसून यंत्रांतून काढलेले आवाज. पहिल्यांदा ऐकताना फ्रिज बिघडला असं वाटून ती उठून बघून आली होती. पण दुसऱ्यांदा ते तिला चक्क आवडलं. काय पळत होतं ते! पळणाऱ्याची जात पळणाऱ्यालाच कळते. तिने मन लावून लिहिलं, 'ऐकणाऱ्याला धाप लागावी असं संगीत.'

"धाप?" संपादक म्हणाला. "अहो, मला ऐकता ऐकता डुलकी लागली. एक सूर येतो, विरतो, मग नुसती शांतता. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. तुमच्या लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही. कलाकार बिचारा मलाच विचारतोय, बाईंनी माझंच ऐकलं ना?"

तेव्हा कुठे तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिने जीभ चावली. मुलाखती ऐकून टाइप करून द्यायचं कामही ती करत असे. माणसं बोलतात फार आणि सांगतात थोडं, म्हणून तिने आवाजाचा वेग कायमचा दुप्पट करून ठेवला होता. संगीतही त्याच वेगात गेलं होतं.

"पुन्हा लिहून देते," ती म्हणाली.

"द्या सावकाश," संपादक म्हणाला. त्याला काय जातंय सावकाश म्हणायला!

तिने वेग उतरवला. एक सूर आला आणि विरला. तिचा पाय हलत राहिला, पण आता साथीला काही नव्हतं. हात आपसूक वेग वाढवायला निघाला, तो तिने मांडीखाली दाबून धरला. शांतता इतकी लांबली की फाइल संपली असंच तिला वाटलं. मग दुसरा सूर आला, अंधारात पायरी चाचपडत उतरणाऱ्या माणसासारखा. तिला बसवेना आणि उठवेना.

तेवढ्यात धाकट्या भावाचा मेसेज आला. 'ताई, रजा टाकू का? साहेब आजच विचारतायत.'

भाऊ लांब राहायचा. आईला आता एकटं ठेवू नये, येऊन तिला घेऊन जातो, असा त्याने धोशा लावला होता. भिंगरीचं म्हणणं, उगाच बागुलबुवा करू नकोस. आईचे मेसेज तिला रोज येत. सारखा फोन करायला सवड कुणाला आहे, म्हणून तिनेच आईला शिकवलं होतं, हे बटण दाबून धर, बोल, मग सोड. आजचाही तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकला होता. कसा खणखणीत, भराभर! संपादकाचा फोन येण्याआधी भावाला उत्तर लिहूनही झालं होतं, 'आई ठणठणीत आहे. रजा वाया घालवू नकोस.' पाठवायचंच काय ते राहिलं होतं.

पाठवण्याच्या खुणेवर तिचं बोट थबकलं. आईचे मेसेजही ती दुप्पट वेगातच ऐकत होती.

तिने वेग साधा केला आणि सकाळचा मेसेज पुन्हा लावला.

"भिंगरे..." आई म्हणाली आणि थांबली. आई श्वास घेत होती, मागे कुठेतरी नळ वाहत होता. "मी बरी आहे. तू कशी आहेस?" पुन्हा तेवढंच थांबणं. "औषध ते... आपलं... हां, घेतलं." दुपटीत ऐकताना हे 'आपलं' भिंगरीला किती गोड वाटलं होतं. "शेजारची ती... ती नाही का... ती येऊन गेली." नळ वाहतच होता. "बरं. तू तुझं काम कर."

एवढं ऐकलं की भिंगरी रोज मेसेज बंद करत असे. आज तिने हात लावला नाही. पडद्यावरची रेघ अजून बरीच उरली होती.

बराच वेळ नुसता नळ. मग आई हळूच म्हणाली, "जेवलीस का?" आणि थांबली. उत्तर यायला वेळ लागतोय म्हणून माणूस थांबतं, तशी थांबली. "बोलत का नाहीस गं? रागावलीस?"

भिंगरीचा पाय थांबला.

"भिंगरे, ऐकू येतंय ना?"

"येतंय गं आई, येतंय," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

मेसेज सकाळचा होता.