करडा दोरा

"डोळ्यांत तेल घालून बघा म्हणे. आता तेल कुणी कुणाच्या डोळ्यांत घालायचं?"

कात्री पुटपुटली ती शेजारणीपुरतं, पण काचेपलीकडे ताईंच्या कानावर ते पडलंच. पट्ट्यांची टोकं कापणं हे तिचं काम आणि जीभही त्याच धारेची, म्हणून कारखान्यात तिला सगळे कात्रीच म्हणत. ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातात एक पट्टा घेऊन त्या बाहेर आल्या.

जाता जाता दाराकडे लक्ष गेलं. निळा रंग पार उडाला होता. रंगाऱ्याला दोनदा सांगून झालं, तर तो म्हणे गेल्याच महिन्यात दिलाय. माणसं हल्ली तोंडावर खोटं बोलतात, ताईंच्या मनात आलं. सकाळीच लेकीशीही वाजलं होतं. "आई, मोजे दोन रंगांचे घातलेस," ती म्हणाली. "बुटात कोण बघतंय?" म्हणून ताई निघाल्या होत्या. आज मोज्यांचा विचार करण्याचा दिवस नव्हता.

उंचावर काम करणाऱ्यांनी कमरेला बांधायचे पट्टे इथे शिवले जात. त्यांच्या हातातला हा पट्टा काल परत आला होता. बकलाजवळची शिलाई उसवली आणि खिडक्या पुसणारा एक माणूस पडला. नशीब बलवत्तर, शिडीच्या तिसऱ्याच पायरीवर होता. पाय मुरगळण्यावर निभावलं.

पट्टा तपासला की तपासणाऱ्याने आतून आपल्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारायची, ही इथली रीत. चौघांचे चार रंग. लाल, पिवळा, नानांचा करडा आणि ताईंचा निळा. कारखान्याच्या प्रमुख झाल्या तरी रोज चाळीस पट्टे ताई स्वतः तपासत. खुर्चीला चिकटलं की हात काम विसरतात, असं त्यांचं म्हणणं.

आणि ज्याची गाठ, त्याची मान. खराब पट्टा ज्याच्या गाठीने बाहेर गेला, तो त्याच दिवशी घरी. हा नियम ताईंचाच. मालकाच्या मेहुण्याला त्यांनी याच नियमाने घालवलं होतं. मालक आठवडाभर बोलले नाहीत. पण तेव्हापासून ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला.

"गाठ कुणाची ते मी काल पाहिलंय," ताई म्हणाल्या. "पण मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

यंत्रं थांबली. लाल दोऱ्याची बाई आपल्या बोटातली अंगठी फिरवत बसली. पिवळ्या दोऱ्यावाला पंख्याकडे बघू लागला, जणू तो आजच बसवलाय. कात्रीची जीभसुद्धा म्यानात.

म्हाताऱ्या नानांना पाठीशी घालतायत, ताईंना वाटलं. त्यांचं तरी काळीज कुठे दगडाचं होतं? गाठ कशी मारायची हे त्यांना नानांनीच शिकवलं होतं. नानांची अडतीस वर्षं इथे गेली, आणि निवृत्तीला तीन महिने उरलेले. निरोपसमारंभात बोलायचं भाषण ताई मनात जुळवतही होत्या. पण असा घालवलेला माणूस मागच्या दाराने जातो. त्याला ना हार, ना भाषण.

नानांनी पट्टा खिडकीशी नेला. उजेडात उलटापालटा केला. बराच वेळ लावला.

"करडाच ना, नाना?"

नानांनी गाठीवरून अंगठा फिरवला. "तुम्ही म्हणताय तर करडाच, ताई."

मग दोघं आत गेले. दार लोटल्यावर नाना नेहमीसारखे एकेरीवर आले. "बस जरा, बाळ. चहा निवलाय तुझा."

"तुमच्या हातून असं कसं झालं, नाना?"

"वय होतं. ज्याचं होतं त्याला कळत नाही. आपल्या माणसांनी सांगायचं असतं, पण त्यांच्या जिभा जड होतात."

"मला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"हो," नाना म्हणाले. "हवं होतं."

त्यांनी कागद ओढला आणि चूक आपली असल्याचं लिहून सही केली. "मालकाच्या मेहुण्याला सोडलं असतं, तुम्हालाही सोडलं असतं, तर या नियमाला काय अर्थ होता?" ताई म्हणाल्या.

"काहीच नाही," नाना म्हणाले. "तू इथे हवीस, बाळ. तू नसलीस तर हे लोक उद्या काहीही विकतील."

बाहेर येऊन नानांनी आपला डबा उचलला. खुंटीवरची टोपी घेतली. करड्या दोऱ्याचं रीळ मेजावर ठेवलं. कुणी मान वर केली नाही.

ताई सगळ्यांकडे वळल्या. "उद्यापासून नानांच्या वाट्याचे साठ पट्टे मीच बघेन. माझे चाळीस आहेतच. आता दुसऱ्या कुणावर सोडायची माझी हिंमत नाही."

कात्रीने हातातली कात्री खाली ठेवली.

नानांनी दारातूनच तिच्याकडे बघून मान हलवली. नको.

"माफ करा, नाना," कात्री म्हणाली. "तो माणूस तिसऱ्या पायरीवर होता. पुढचा नसेल."

तिने नानांचं रीळ उचललं, परत आलेल्या पट्ट्याच्या गाठीशेजारी टेकवलं आणि दोन्ही ताईंच्या तळहातावर ठेवलं. ताई बघत राहिल्या. दोन्ही दोरे सारखेच तर होते.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ही गाठ निळी आहे."